पहिली कादंबरी : ५०० पैकी २०० प्रती लेखिकेनेच विकत घ्यायच्या, ही अट मान्य करावी का?

आगोट

माझ्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित पूर्ण आहे. सुमारे ६२,००० शब्द, २७ प्रकरणं. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद मालवणीत. टंकन सगळं युनिकोडमध्ये, काही मोबाइलवर, काही लॅपटॉपवर. दिवाळी अंकांत तीन कथा आल्या आहेत, पुस्तक अजून एकही नाही.

एका प्रकाशकाचा होकार आला आहे. पहिली आवृत्ती ५०० प्रतींची, किंमत ३२० रुपये. त्यातल्या २०० प्रती मी छपाईआधी ४० टक्के सवलतीने विकत घ्यायच्या. मानधन १० टक्के, तेही उरलेल्या ३०० प्रतींवर आणि विक्री झाल्यावर. आयएसबीएनचे (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाचे) वेगळे ३,००० रुपये. करारपत्र एका पानाचं आहे आणि त्यात 'या पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील' असं वाक्य आहे. अक्षरजुळणी ते करणार, प्रुफं (छपाईआधी तपासायची पानं) मी तपासायची.

ही अट रीतीला धरून आहे का? करारात काय बदलून घ्यावं? आणि प्रुफं तपासताना नेमकं काय बघायचं असतं? ठोस सांगितलंत तर फार मदत होईल.

पानपान

आधी हिशेब मांडू. ३२० वर ४० टक्के सवलत म्हणजे प्रत १९२ रुपयांना. २०० प्रतींचे ३८,४०० रुपये तुम्ही आगाऊ देणार. बाकीच्या ३०० प्रती झाडून सगळ्या खपल्या तरी ३२ रुपयांप्रमाणे मानधन होतं ९,६००. तुमच्याकडच्या प्रती ओळखीपाळखीत २५ टक्के सवलतीने, म्हणजे २४० ला दिल्या, तर गुंतवलेले पैसे नुसते परत यायला १६० प्रती विकाव्या लागतील. एका माणसाने १६० प्रती विकणं म्हणजे वर्षभर पिशवी घेऊन हिंडणं.

अशी अट घालणारे बरेच आहेत आणि ते सगळेच फसवे नसतात. कादंबरीची ५०० ची आवृत्ती विकायला वेळ लागतो, कागदाचे पैसे मात्र आधी मोजावे लागतात. पण छपाईचा खर्च तुमच्याकडून वसूल झाला की पुस्तक विकण्याची निकड प्रकाशकाला उरत नाही. खरी अडचण ही आहे. प्रकाशक हवा असतो तो दुकानं, ग्रंथालयं आणि वितरक यांच्यापर्यंत पोचण्यासाठी. छापून तर कुठलाही छापखाना देतो.

म्हणून होकार देण्याआधी एक साधी तपासणी करा. या प्रकाशकाच्या गेल्या दोन वर्षांतल्या तीन कादंबऱ्यांची नावं घ्या. त्या पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दोन दुकानांत, तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात आणि एखाद्या 'अ' वर्ग (शासनाच्या वर्गवारीतल्या मोठ्या) ग्रंथालयात मागून पाहा. बुकगंगासारख्या संकेतस्थळावर 'उपलब्ध' दिसतात का, तेही बघा. तीनपैकी दोन कुठेच नसतील तर तुमच्या ३०० प्रतीही गोदामातच राहणार.

आयएसबीएनच्या ३,००० ना सरळ नाही म्हणा. भारतात तो क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्जावर मिळतो आणि संस्था त्यासाठी शुल्क घेत नाही. प्रकाशक नसेल तर लेखक स्वतःच्या नावेही अर्ज करू शकतो. ईबुक काढायचं झालं तर त्याला वेगळा क्रमांक लागतो, पुठ्ठा बांधणीलाही वेगळा.

आता करार. 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' हे वाक्य काढून टाका. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार लेखनाची पहिली मालक लेखिकाच, आणि हे हक्क तुमच्या हयातीनंतरही ६० वर्षं चालतात. हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशी. कोणतं लेखन, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मानधन किती, हे त्यात स्पष्ट हवं. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. वेगळं काही ठरलं नसेल तर सोपवल्यापासून वर्षभरात न वापरलेले हक्क लेखकाकडे परत येतात. पण कायदा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पुढे वाद घालत बसण्यापेक्षा करारातच लिहून घेतलेलं बरं.

त्या वाक्याच्या जागी असं काही घ्या: 'मराठी छापील पुस्तकाच्या प्रकाशनाचे हक्क, ५ वर्षांसाठी.' अनुवाद, श्राव्य पुस्तक, ईबुक, नाटक, चित्रपट, वेबमालिका हे सगळे हक्क तुमच्याकडे. प्रकाशकाला त्यातला एखादा हवा असेल तर त्याची वाटणी टक्क्यांत लिहावी. आवृत्ती संपून ६ महिन्यांत पुनर्मुद्रण झालं नाही तर हक्क परत, ही ओळ जरूर असू द्या. किती प्रती छापल्या ते लेखी कळवावं, दर ३१ मार्चचा विक्रीचा हिशेब ३ महिन्यांत द्यावा, मानधन छापील किमतीवर मोजावं, लेखक-प्रती १५ विनामूल्य. 'विक्रीनंतर' एवढंच लिहिलेलं मानधन सहसा हातात पडत नाही, कारण त्याला तारीख नसते. आणि श्रेयपानावर, म्हणजे प्रकाशनाचा तपशील असतो त्या पानावर, © पुढे तुमचं नाव आहे, हे छपाईआधी डोळ्यांनी बघा.

२०० प्रतींची अट घासाघीस करून कमी होते. ५० पर्यंत उतरली, तीही छपाईनंतर आणि पैसे दोन हप्त्यांत, तर मी विचार करेन. २०० वर अडून बसले तर दुसरा प्रकाशक शोधावा.

कानामात्रा

प्रुफांबद्दल लिहिते. लांब होईल, पण पहिल्या पुस्तकात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

पहिला प्रश्न प्रकाशकाला विचारा: अक्षरजुळणी युनिकोडमध्येच करणार की श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात (फॉन्टमध्ये)? अजूनही बऱ्याच ठिकाणी युनिकोड मजकूर रूपांतर करून जुन्या टंकात घेतात, आणि या रूपांतरात ठरावीक जागी मजकूर मोडतो. सर्वांत आधी बळी जातो ऱ्य आणि ऱ्ह. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. याचं कारण टंकनात आहे. हे अक्षर दोन पद्धतींनी लिहिता येतं: एकात नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. रूपांतरात ते न दिसणारं चिन्ह गळतं आणि रफार वर चढतो. तुम्ही मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही वापरलेत, म्हणजे तुमच्या फाइलमध्ये दोन्ही पद्धती मिसळलेल्या असण्याची दाट शक्यता आहे.

तुमच्या कादंबरीत तर हा फरक अर्थावर येणार. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना बोलावलं' आणि 'आचाऱ्यांना बोलावलं' यांत गुरुजी आणि स्वयंपाकी यांची अदलाबदल होते. दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारं कुठलंही साधन ही चूक पकडणार नाही. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: फाइल देण्याआधी 'र्य' आणि 'र्ह' शोधा, एकेक जागा बघा आणि जिथे ऱ हवा तिथे सगळीकडे एकाच पद्धतीने टंका. जुळणी होऊन आलेल्या प्रुफात हाच शोध कागदावर पुन्हा करा.

तसंच ॲ. हाही दोन प्रकारांनी टंकला जातो, दिसतो सारखाच, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. जुन्या कळफलकांची सवय असलेल्या जुळाऱ्याकडून 'शुद्ध'चं 'शुध्द' आणि 'द्वारे'चं 'व्दारे' होऊन येतं. जुळणी इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये होणार असेल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी त्यातली सोय) लावलेला हवा. तो नसला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते आणि जोडाक्षरं हलन्त दाखवत सुटी होतात. हे पहिल्या पानावरच दिसतं. दिसलं की बाकी प्रुफ वाचू नका, सगळं परत पाठवा. टंक निवडताना ल आणि श यांची वळणं बघा. मंगलसारख्या टंकात ती हिंदी वळणाची येतात. कादंबरीभर ती डोळ्यांना खुपतात.

आता भाषा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये भर पडलेले ४, असे एकूण १८ आहेत. पात्रांच्या तोंडची बोली जशी बोलली जाते तशी लिहायची मुभा त्यांत आहे, पण मुद्रितशोधकाला (प्रकाशकाकडच्या प्रुफं तपासणाऱ्याला) तुमची मालवणी माहीत असेलच असं नाही. तो 'माका'चं 'मला' करणार नाही कदाचित, पण 'खय', 'खंय', 'खंयसर' यांतलं एक कुठे ठेवायचं हे तो ठरवू शकत नाही. म्हणून दोन पानांची शब्दसूची करून हस्तलिखितासोबत द्या: प्रत्येक बोलीरूपाचं एकच लेखन, पात्रांची आणि ठिकाणांची नावं, नात्यातली संबोधनं. एखादं पात्र मुद्दाम दोन प्रकारे बोलत असेल, घरात मालवणी आणि कचेरीत प्रमाण, तर तेही तिथे नोंदवा. निवेदनात 'केले, गेले' की 'केलं, गेलं' हेही एकदाच ठरवा. दोन्हींची सरमिसळ पहिल्या वीस पानांत वाचकाच्या लक्षात येते.

प्रुफं तीनदा. पहिलं वाचन दोघांनी मिळून: एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर ओळीखाली पट्टी धरून जायचं. गळलेली ओळ किंवा दोनदा आलेला परिच्छेद एकट्याने वाचताना हमखास निसटतो, कारण मनात मजकूर पाठ असतो. एका बैठकीत २० ते २५ पानांपेक्षा जास्त नको. दुसऱ्या वाचनात फक्त खुणा केलेल्या दुरुस्त्या आणि त्यांच्या आजूबाजूच्या दोन ओळी, कारण एक चूक काढताना शेजारी दुसरी होते. तिसरं वाचन पानाचं: पृष्ठक्रमांक, प्रकरणांचे आकडे, पानाच्या डोक्यावर एकटीच उरलेली ओळ, अवतरणचिन्हं उघडून बंद झाली आहेत का. लाल शाई वापरा, दुरुस्ती समासात लिहा, फोनवरून सांगू नका.

तिसऱ्या प्रुफात वाक्यं नव्याने लिहू नका, ही कळकळीची विनंती. एक परिच्छेद वाढला की पुढची पानं सरकतात आणि तपासलेली प्रकरणं पुन्हा तपासावी लागतात. लेखनाचे बदल करायचे ते जुळणीला देण्याआधी.

फर्मा१६

छपाईचं थोडक्यात. डेमी आकारात, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांत, पानावर २६० ते २८० शब्द बसतात. ६२,००० शब्दांची २३० पानं होतील. शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका वगैरे ८ धरा. २३८ म्हणजे २४० पानं, १६ पानी १५ फर्मे (एकदम छापून घडी घातलेले पानांचे संच) पूर्ण. हे नशीबच, कारण २४४ पानं झाली तर एक पाव फर्मा वाढतो, आणि पानामागे तो पूर्ण फर्म्यापेक्षा महाग पडतो. चार ओळींचं ऋणनिर्देश-पान वाढवताना हे लक्षात असू द्या.

कागद ७० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो, शक्यतो नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर. पांढराशुभ्र कागद कादंबरी वाचताना डोळ्यांना त्रास देतो. मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. बांधणी नुसती डिंकाची नको, फर्मे शिवून मग डिंक. ग्रंथालयात दहा हातांतून गेल्यावर नुसत्या डिंकाची पानं सुटतात. कणा (पुस्तकाची बांधलेली कड) १२ मिलिमीटरच्या आसपास येईल, पण तो कागद पक्का झाल्यावर छापखान्याकडून मोजून घ्या आणि मगच मुखपृष्ठ अंतिम करा. कागद आयत्या वेळी बदलला की कण्यावरचं नाव मुखपृष्ठावर ओघळतं. ५०० प्रती छापायला घेण्याआधी कोऱ्या कागदाची बांधलेली डमी मागा.

मलपृष्ठावर उजवीकडे खाली बारकोड आणि किंमत यांना जागा सोडायला चित्रकाराला आधीच सांगा. आणि कादंबरीत चित्रपटगीताच्या ओळी घातल्या असतील तर परवानगी लागेल. तुकोबांचे अभंग, जात्यावरच्या ओव्या यांना लागत नाही.

आगोट

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता 'र्य' शोधून पाहिलं. ४१२ ठिकाणी सापडला, त्यांतले निम्म्याहून जास्त चुकीचे आहेत. शब्दसूचीही सुरू केली आहे.

दोन प्रश्न उरले. हा प्रकाशक नाही झाला तर दुसऱ्याकडे पाठवायची रीत काय? आणि नवलेखकांसाठी शासनाची योजना आहे ती माझ्यासारखीला लागू होते का?

पेटारा

पाठवताना पूर्ण हस्तलिखित लगेच धाडू नका. एक पानाचं पत्र, एक-दीड पानाचा कथासारांश आणि पहिली तीन प्रकरणं, एवढं पुरे. सारांशात शेवट सांगून टाका. संपादकाला उत्सुकता नको असते, कथा शेवटापर्यंत तोलली गेली आहे का ते बघायचं असतं. पत्रात शब्दसंख्या, बोली कोणती, कथा कुठल्या अंकांत आणि कोणत्या वर्षी आल्या, हे लिहा. तुमच्या तीन कथा इथे उपयोगी पडतील. फाइल वर्डमध्ये आणि सोबत पीडीएफ, कारण त्यांच्या यंत्रावर तुमचा टंक असेलच असं नाही. बरेच प्रकाशक कागदावरची प्रतच वाचतात, तेव्हा आधी फोन करून विचारा: एका बाजूला छापलेली, १४ पॉइंट, दुप्पट ओळ-अंतर. तीन ते सहा महिने उत्तर येत नाही, हे गृहीत धरा. एका वेळी दोघांकडे पाठवत असाल तर दोघांना तसं कळवा.

पाठवण्याआधी त्या प्रकाशकाने हल्ली कोणत्या कादंबऱ्या काढल्या ते वाचा. दिवाळीच्या तोंडावर पाठवू नका. जे प्रकाशक अंकही काढतात त्यांच्याकडे जुलैपासून अंकाचीच गर्दी असते. कादंबरीतलं स्वतंत्र उभं राहणारं एखादं प्रकरण मात्र मे-जूनमध्ये अंकांकडे जरूर पाठवा. पुस्तक येईपर्यंत वाचकांपर्यंत नाव तरी पोचतं.

शासनाची योजना म्हणजे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान. मंडळाची जाहिरात निघते, हस्तलिखित मागवतात, परीक्षक वाचतात, निवड झाली तर प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. ते पहिल्याच पुस्तकाला असतं. म्हणून 'आधी घरच्यासाठी ५० प्रती छापून घेऊ' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या ५० प्रतींनी पहिलेपण संपतं. दिवाळी अंकांतल्या कथा म्हणजे पुस्तक नव्हे, त्यामुळे तुमची अडचण दिसत नाही. जाहिरातीतल्या अटी शब्दशः वाचा आणि जे कागद मागितलेत तेवढेच जोडा.

पहिलेपण आणखी एका ठिकाणी मोजलं जातं. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचे वेगळे विभाग आहेत, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा, लघुकथेसाठी ग. ल. ठोकळ यांच्या नावाचा. तिथे जानेवारी ते डिसेंबर असं प्रकाशनवर्ष धरतात. डिसेंबरच्या २५ तारखेला घाईने छापून श्रेयपानावर तेच वर्ष टाकलं, तर प्रवेशिका भरायला फार थोडे दिवस उरतात. त्यापेक्षा जानेवारीत प्रथमावृत्ती काढा, पुस्तकाला पूर्ण वर्ष मिळेल. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला पुरस्कारवर्षाच्या १ जानेवारीला वय ३५ किंवा त्याहून कमी लागतं, तेही एकदा तपासून घ्या.

पुस्तक हातात आल्यावरचा पहिला महिना फार महत्त्वाचा. डिलिव्हरी ऑफ बुक्स कायदा १९५४ प्रमाणे प्रकाशकाने ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती द्यायच्या असतात. पाठवल्याची पोच दाखवा म्हणा. अभिप्रायार्थ २० प्रती बाजूला काढा: रविवार पुरवण्या, वाङ्मयीन नियतकालिकं आणि मालवणी मुलखातले नेमाने लिहिणारे वाचक. नुसती प्रत पाठवली तर ती ढिगात जाते. सोबत चार ओळींचं पत्र हवं: कादंबरी कशाबद्दल, कुठल्या भागातली, पानं, किंमत, मिळण्याचं ठिकाण आणि तुमचा फोन.

ग्रंथालयांना विसरू नका. राज्यात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालयं आहेत, आणि त्यांतली बरीचशी खरेदी शासकीय अनुदानाचा हप्ता आल्यावर करतात. मार्चआधी पुस्तक वितरकाच्या यादीत चढलं पाहिजे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या ग्रंथालयांची यादी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळेल. ती काढून 'अ' आणि 'ब' वर्गाच्या ग्रंथालयांना पुस्तकाच्या तपशिलासह पत्र घाला. पत्रात सवलत किती देणार आणि टपालखर्च कुणाचा, हे लिहायला विसरू नका. ग्रंथपालाला खरेदी समितीपुढे ठेवायला तेच दोन आकडे लागतात.